पार्सलबाबूचं मशीन

दुर्गाघाटावर आमच्या गल्लीत कुणाचं डोकं आपटलं की त्याच्या डोळ्यांवर आधी माधवची बॅटरी पडते, मग तोंडाला पाणी लागतं. इथली दारं बुटकी, वरून माकडं विटा पाडतात, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक कायम. उजेड मारून तो विचारतो, "वार कोणता? पंतप्रधान कोण? मी कोण?"

त्या दिवसांत पंतप्रधान इतके भराभर बदलत होते की दुसरा प्रश्न डोकं शाबूत असलेल्यालाही येत नसे. मी चौकटीवर आपटले तेव्हा म्हटलं, "वार गेला खड्ड्यात. तू माधव, आणखी कोण, मेल्या!" एवढ्यावर तो असा खूश झाला, की मी हातावर पेढा ठेवला असता तरी तेवढा झाला नसता.

माधव स्टेशनवर पार्सल ऑफिसात होता. निवृत्त झाला, तरी सगळे त्याला पार्सलबाबूच म्हणतात. त्याला जगात पार्सलंच दिसतात. माझ्या जावयाला पाहून म्हणाला, "वजन आहे, पण पॅकिंग कच्चं." सून माहेरी निघाली की विचारतो, "रिटर्न बुकिंग केलंय ना?"

त्याची बायको सुमन. धुणं घेऊन वर येताना घाटाच्या पायरीवर पडली, डोक्याला लागलं. उठली, काही नाही म्हणाली, घरी येऊन वरणाला फोडणीही दिली. मग ओकायला लागली. गल्लीत मोटार शिरत नाही, म्हणून खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलंय का ते मशीनशिवाय कळणार नाही. मशीन अंगणापलीकडच्या इमारतीत, आणि तिला हलवायची सगळ्यांना भीती. त्यात वेळ गेला.

ती वाचली. पण माधवला ओळखत नाही. पाहुण्याला विचारावं तसं त्याला विचारते, "बरं आहे ना तुमचं?" तो म्हणतो, "बरं आहे." तिला मात्र तो तिसरा प्रश्न विचारत नाही.

तेव्हापासून त्याचं एकच. "काकू, जन्मभर माणसं पार्सलपाशी आली. हे मशीनचं पार्सल माणसापाशी गेलं पाहिजे." कुठल्याशा मासिकात त्याला चित्र सापडलं होतं. परदेशात मेंदू बघायचं चाकांचं मशीन निघालंय, ते अपघात विभागात आजाऱ्याच्या खाटेपाशी आणून लावतात. चित्र घेऊन तो हॉस्पिटलात गेला. डॉक्टर हसले. "बाबूजी, आलं तरी ते इथल्या इथे फिरेल. तुमच्या गल्लीत कसं शिरणार?"

"शिरतं की नाही ते मी दाखवतो," हा म्हणाला.

दाखवायला त्या मापाची वस्तू हवी. त्याचा डोळा माझ्या जाळीच्या कपाटावर गेला. "काकू, उंची अगदी तीच!" मी नाही म्हटलं. त्याने ते उचलून रस्त्यावर नेलं आणि खाली चाकं ठोकली, तिथून गल्लीतून आपल्या घरापर्यंत आणायला.

चाकं काही दगडांवरून जाईनात. मग त्याने स्टेशनवरचे जुने चार हमाल आणले, कपाट बांबूंवर आडवं बांधलं आणि ओरखडे नकोत म्हणून वर पांढरी चादर घातली. पुढे स्वतः, "बाजू! बाजू!" करत. ही गल्ली मणिकर्णिकेच्या स्मशानाकडे जाणारी. बांबू, चादर आणि चार खांदे बघून लोकांनी काय समजावं? दुकानदार उठून उभे राहिले. पानवाल्याने हात जोडले, "राम नाम सत्य है!" मागे माणसं चालू लागली.

"अरे, अलमारी आहे, अलमारी!" माधव ओरडत होता.

"बेचारे बाबू सदमे में हैं," पानवाला मला म्हणाला.

कोपऱ्यावर सांड आडवा बसलेला. तो उठेपर्यंत सगळी मंडळी उन्हात उभी. मी मागून शिव्या देत होते, कारण फळ्या माझ्या होत्या.

सुमन तिच्या दारात बसली होती. आम्ही पोचलो तशी तिने हात जोडले आणि माधवलाच विचारलं, "कोण गेलं हो?"

"कुणी नाही." त्याला धाप लागली होती. "मशीन आहे. डोकं बघायचं. तुझ्यापाशी आणलं."

तिने चादरीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"मग इतका उशीर का केलात?"

माधव उंबऱ्यावर टेकला.

"सांड बसला होता गं वाटेत."

"असू दे," ती म्हणाली, आणि अंग चोरून बाजूला सरकली, मशीन आत न्यायला जागा करून.

हमाल माझ्याकडे बघायला लागले.

"देखते क्या हो?" मी म्हटलं. "अंदर रखो."

कपाट अजून त्यांच्याच घरी आहे. माझं दूध मी शिंक्यात टांगते.