आवाज न करणारी डिस्क

कॉम्प्युटर दुरुस्त करणं अजिबात अवघड नसतं. लोक उगाच घाबरतात! मी घाबरत नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

शिमग्यात पालखी कुठल्या घरी कधी जाणार, ती यादी यंदा गावाने आमच्या मालनकडे सोपवली. देवळाच्या कामात बाईमाणसाला असा मान पहिल्यांदाच! महिनाभर घरोघर फिरून, रुसवेफुगवे काढून तिने एकशेबारा घरांचा क्रम लावला आणि कॉम्प्युटरवर टाइप केला. नेमका छापायच्या दिवशी कॉम्प्युटर असा रुसला, की बटण दाबून मी आंघोळ उरकून आलो तरी पडद्यावर ते चक्र फिरतंच आहे!

"अहो, अयूबला बोलवा."

"मी आहे ना!"

"म्हणूनच म्हणते."

मी गुपचूप लांज्याला अयूबच्या दुकानात फोन लावला.

"काका, मी नवी डिस्क बसवली तेव्हा जुनी पण तुम्हीच ठेवायला लावलीत. दोन्हीवर विंडोज हाय. पहिलं कोणी सुरू व्हायचं, त्यावर भांडण लागलंय. जुनी मंद हाय, ती काढा. का मी येऊ?"

"छे, छे!"

फोन ठेवल्यावर आठवलं, जुनी कुठली ते विचारलंच नाही! पेटी उघडली, तर दोघींवर आमच्या सड्याच्या माळावरची सारखीच तांबडी धूळ. मग मी कान लावला. एक डिस्क बिचारी घरघर करत राबत होती. दुसरी चिडीचूप! चाळीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला बसून खाणारा लगेच ओळखू येतो. मी ती गप्प बसलेली उपटली.

आणि काय सांगू! कॉम्प्युटर धापा टाकत का होईना, सुरू झाला! 'पालखी' नावाची फाइल समोर हजर. धडाधड प्रती काढल्या.

"थांबा, एकदा नजर टाकते," पुरण वाटता वाटता मालन म्हणाली.

"छापलेल्यावर कसली नजर टाकतेस?" म्हणत मी प्रती थेट पालखी फिरवणाऱ्या गावकर रघूच्या हातात दिल्या.

तिसऱ्या दिवशी ढोल वाजवत पालखी सड्यावर आली. मालन आरतीचं ताट घेऊन दारात. पालखी जवळ आली... आणि सरळ पुढे गेली!

"अवो रघूभावजी!" मालन ताटासकट धावली.

रघूने चष्मा चढवला. "वयनी, यादीत तुमचा घर नाय."

"यादी मी केलीय!"

"पन छापलेली हाय ना! दोन घरांना कुलपं होती, तिथंपन आमी थांबून आलो."

मालनने कागद ओढला. दहा वर्षांपूर्वीची यादी! मीच तेव्हा टाइप करून दिलेली. म्हणजे घरघर करत राबणारी डिस्क जुनी होती, आणि मी उपटलेली चिडीचूप डिस्क नवी! आमचं घर बांधून झालीत सात वर्षं.

तिने तो कागद माझ्या नाकासमोर धरला. रघूला सगळं कळलं. पालखी मागे फिरली, आमच्या अंगणात टेकली, आणि रघूने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! मालनवयनीची यादी बरोबर होती. घोटाळा मशीननं..."

"मशीननं नाही!" मालन म्हणाली. "देवासमोर खरं बोला."

"घोटाळा तिच्या घोवानं केलान! त्याला सुबुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोनशे माणसं गरजली.

सवयीने मीही.