अप्पांची साखर न खाणारी मुंगी

मन्मथअप्पांच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक शिरलं की अप्पा आधी त्याच्या पायांकडे बघत आणि ओरडत, "पाय! बघून ठेवा, बघून!" तेल हवं की मीठ, हे नंतर. उंबऱ्यापाशी मुंग्यांची रांग असायची आणि वाट आधी तिला मिळायची. एकदा महसुलाचे गिरदावरसाहेब आले, तर अप्पांनी त्यांनाही एका पायावर उभं ठेवलं.

निजामाच्या राज्यात मी बोरीच्या सरकारी शाळेत मास्तर होतो आणि अप्पांच्या शेजारी राहायचो. रोज सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाली की अप्पा साखर-पीठ घेऊन गल्लीभर मुंग्यांची बिळं धुंडत. आपल्या दारातलं कुणी उपाशी राहू नये, एवढाच त्यांचा हट्ट.

एके दिवशी त्यांनी मला परसात ओढत नेलं. लिंबाखालच्या दगडापाशी एक लांबट, तांबूस मुंगी उभी होती. जबडे आडकित्त्यासारखे सताड उघडे. अप्पांनी साखरेचा कण काडीनं पुढे सारला. टक्! जबडे मिटले आणि मुंगी वीतभर मागे उडाली. अप्पाही उडाले.

"बघितलं? आठ दिस झाले, साखरेला शिवंना. मास्तर, ही हाय तरी कोण? ते कळल्याबगर हिला खाऊ काय घालू?"

मुंबईच्या एका संग्रहालयात कीटक ओळखणारे साहेब असतात, असं मी कुठंसं वाचलं होतं. ते बोलून बसलो. मग सोनाराचं भिंग आणून आम्ही दुपारच्या दुपार पालथे पडलो. जबड्याच्या टोकाला दात किती, कमरेवर काटा आहे का, अप्पा सांगत आणि मी लिहून घेई. साहेबांना नमुनाही लागणार होता. पण अप्पा मुंगी मारू देईनात. "मरंल तवा मरंल. घाई कुणाला हाय?" बारा दिवसांनी त्या बिळातली एक आपोआप मेली. ती कुजू नये म्हणून बाटलीत दारूत बुडवून पाठवायची. अप्पा दारूला शिवणार नाहीत, म्हणून कलालाच्या दुकानात मी गेलो. अर्ध्या गावानं बघितलं.

आता जे सांगायचं ते. परभणीला टपालात टाकायला निघालो आणि मोटारीत ती बाटली माझ्या खिशातच फुटली. कोटाला असा वास सुटला की शेजारचा माणूस सरकून बसला. मुंगी कुठं गेली, कळलंच नाही. लाजेनं मी वर्णनाचा कागदही फाडला आणि अप्पांना सांगितलं, "पाठवलं."

अप्पा रोज विचारत, "आलं का हो साहेबाचं?" दीड महिना सहन केलं. मग साहेबांच्या मराठी कारकुनाच्या नावानं मीच उत्तर लिहिलं आणि परभणीहून टाकलं. मुंगीचं नाव 'आडकित्तोरिया बोरीकस', खाणं वाळवी. वाळवी ओढून नेताना मी तिला पाहिलं होतं, तेवढंच खरं.

अप्पांनी पत्र कपाळाला लावलं. "आपल्या बोरीचं नाव हाय त्यात!" हरेक गिऱ्हाइकाला ते नाव म्हणून दाखवू लागले. आणि जन्मात अंड्याकडे न बघितलेला हा माणूस रोज वाळवी लागलेलं लाकूड बिळापाशी नेऊन, डोळे मिटून, "शिव शिव" म्हणत फोडू लागला. "काय करावं मास्तर, तिचं जेवणच ते हाय."

सकाळी त्या वेळी मी परसाकडची खिडकी लावून घेऊ लागलो. पूर्णेला तबादला झाला, तेव्हा निघण्याआधी मी अप्पांपुढे सगळं कबूल केलं.

अप्पा गूळ फोडत होते. "ठाव हाय," ते म्हणाले. "मुंबईच्या पत्राला इंग्रजाचं तिकीट असतंय. तुमच्या पत्राला निजामाचं होतं."

"अहो, मग ते नाव गावभर सांगत सुटलात ते?"

"नावाला काय झालंय? आन् वाळवी तर ती खायलीय की."

"पण मला बोलला का नाहीत?"

अप्पांचा हात थांबला. "दुकानात पत्रं लय येतेत, मास्तर. समदी गुळाचा भाव विचारतेत. तुमी शेवटी लिवलं, उन्हात उकिडवं बसत जाऊ नका, वय झालं. आमची घरची गेल्यापासून मला असं कुणी म्हणलं न्हवतं."

ते वाक्य मी पानाखाली जागा उरली म्हणून लिहिलं होतं. त्या दिवशी अप्पांपुढे सगळं कबूल केलं, एवढं सोडून.