वस्तू आजच परत करा!

माझा आवाज गोड आहे. हे मी नाही म्हणत, आमच्या वाचनालयाच्या प्रशिक्षणातल्या बाई म्हणाल्या! तीन दिवसांचं शिबिर होतं. पहिल्या दिवशी वाचनालयाची जाहिरात, दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञान, तिसऱ्या दिवशी सेवा. मी तिन्ही दिवस पहिल्या रांगेत. परतले ती अंगात वारं शिरल्यासारखी!

"साहेब," मी ग्रंथपालांना म्हटलं, "मुदत उलटून थकलेली पुस्तकं आता फोनवरून परत मागवायची. संगणकच फोन लावील, आवाज माझा!"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "निस्तरायची पाळी आली तर तुम्हीच निस्तरायचं."

ध्वनिमुद्रणाला वीस सेकंदच मिळत होते आणि आमच्या वाचनालयाचं नाव मालगाडीएवढं लांब. ते म्हणतानाच पंधरा सेकंद जायचे. मी नावच उडवलं! आवाज ऐकून कोणीही ओळखेल की! पुस्तकांबरोबर आम्ही मासिकं, नकाशे, तबकड्याही देतो, म्हणून मोघम 'वस्तू' म्हटलं. "नमस्कार! आपण नेलेली वस्तू परत केलेली नाही. मुदत संपली आहे. वस्तू नेली तशीच, डाग न पाडता, आजच आणून द्यावी. धन्यवाद!"

सोमवारी दहाला बटण दाबलं. चारशे लोकांना फोन, प्रत्येकी तीनदा!

साडेअकराला निवृत्त मास्तर धापा टाकत आले. "बाई, सकाळी सकाळी फोन आला. मुदत संपली म्हणे! मी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब तपासून आलो!"

त्यांना पाणी देतेय, तोवर नवऱ्याचा फोन. "तू आईला काय बोललीस?"

"मी? आठवडाभर बोललेच नाही!"

"ती सामान घेऊन तिकडे निघालीय!"

सासूबाई दोन गल्ल्या सोडून राहतात. आमचं छान जमतं, कारण आम्ही दोघी जपून बोलतो.

दार धाडकन उघडलं. सासूबाई! मागे रिक्षावाला, हातात तीन पिशव्या. त्यांनी माझ्या टेबलावर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. इस्त्री. दोन छत्र्या. माझा निळा स्वेटर. झाकणं नसलेले सात डबे.

"घे! आणखी काय नेलंय मी तुझं?"

"अहो आई, ते यंत्र होतं!"

"यंत्र? तुझा आवाज मला कळत नाही? मी विचारलं, अगं कुठली वस्तू? तर म्हणतेस, मुदत संपली आहे! म्हटलं, कसली मुदत? तर म्हणतेस, डाग पाडू नका! मी रडायला लागले, तर धन्यवाद म्हणून फोन ठेवलास!"

सगळं वाचनालय वाचायचं थांबलं. मास्तर तर खुर्ची पुढे ओढून बसले.

"आणि एकदा नाही, तीनदा! तिसऱ्यांदा मी माफीसुद्धा मागितली. तरी तेच!"

आता मात्र मला खरंच वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरला. "आई, चुकलं माझं. वाचनालयाचं नाव घालायला हवं होतं. हा फोन थकलेल्या पुस्तकांसाठी आहे."

"पुस्तक? चष्मा फुटल्यापासून मी वर्षभरात पुस्तकाला हात लावलेला नाही!"

मी संगणकाकडे धावले, पण साहेब आधीच तिथे बसले होते. "आजी, तुमच्या नावावर एक पुस्तक आहे. अडीच महिने झाले."

"कुठलं?"

साहेबांनी घसा साफ केला. "'कमी शब्दांत गोड बोला.'"

माझं कार्ड भरलं होतं म्हणून शिबिराआधी ते पुस्तक मीच सासूबाईंच्या कार्डावर नेलं होतं! त्यांना सांगायचं राहून गेलं. वाचायचंही राहून गेलं.

सासूबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी इस्त्री उचलून पिशवीत ठेवली. मग छत्र्या. मग स्वेटर. मग साहेबांना म्हणाल्या, "त्या पुस्तकाची तारीख वाढवून द्या. ही रोज संध्याकाळी येऊन मला वाचून दाखवील."

सध्या आमचं तिसरं प्रकरण चालू आहे. इस्त्री अजून त्यांच्याकडेच आहे. डबे मात्र तेवढे मिळाले!