बघणाऱ्याचे हात मांडीखाली

दुसऱ्यांची मॅच बघत अख्खा दिवस घालवला तर तो शौक, आणि दुसऱ्याचा व्हिडिओ गेम बघत दोन तास घालवले तर तो रिकामटेकडेपणा, हे कुठल्या कायद्यात बसतं?

धाकट्याने हा प्रश्न बाबांना विचारला, तर बाबा म्हणाले, "आधी पाय धू." आईला विचारला, तर आई म्हणाली, "साबण संपलाय." तो काम करायचा त्या पंक्चरच्या दुकानात उस्तादला विचारला, तर उस्तादने हातात ट्यूब दिली आणि म्हणाला, "भोक शोध." एका दादाला मात्र त्याने कधी विचारलं नाही. दादा खेळायला बसला की सतरंजीवर वीतभर सरकायचा आणि त्या वीतभर जागेत धाकटा मावायचा.

धाकट्याला स्वतःला खेळता येत नव्हतं. (चेहऱ्यावरून वाटायचं येत असेल. तो चेहरा पंक्चर काढतानाही तसाच असायचा.) त्याला बघायला आवडायचं. दादाचा घोडेस्वार दरीवरून उडी मारायचा तेव्हा सतरंजीवर धाकटा उडायचा. दादाची बोटं चालायची आणि धाकट्याचं तोंड. खेळणाऱ्याचं सगळं लक्ष अंगावर येणाऱ्या भुतावळीकडे, मग रस्ता कोण बघणार? तो धाकटा बघायचा आणि ओरडायचा, "डावीकडे! अरे दादा, डावीकडे!"

फक्त एक नियम होता. बघणाऱ्याने स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. कारण सुरुवातीला धाकटा बोट दाखवून सांगायचा, आणि एकदा बोट दाखवता दाखवता त्याने भरलेला चहाचा कप गेमच्या मशीनवर पालथा केला होता. मशीन दादाच्या दोस्ताचं, गॉगलचं. (गॉगल सावलीतही काळा चष्मा लावायचा, म्हणून गॉगल.) तेव्हापासून हात मांडीखाली, तोंड मोकळं.

तीन महिन्यांपूर्वी दादा गेला. दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेला होता, चप्पलसुद्धा नीट जोडीने काढली होती. खाटेवरून धाकट्याला म्हणाला, "पुलापाशी थांबलोय. मी येईपर्यंत हात लावू नकोस." धाकट्याने हात लावला नाही. मशीनवर आईने फडका टाकला आणि त्या खोलीत वहिनी पाऊल टाकेनाशी झाली.

आणि शनिवारी गॉगलचा फोन आला. त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. रविवारी संध्याकाळी सामानाचा टेम्पो घेऊन जाताना मशीनही घेऊन जाणार होता.

"म्हणजे दादा पुलावरच राहणार?" धाकट्याने विचारलं.

"दादा नाही, घोडा," आई म्हणाली आणि घाईघाईने आत गेली.

मग रविवारी दुपारी, बाबा खिडकीखाली झोपलेले असताना, धाकट्याने एक साधं ठरवलं. फडका काढायचा, पूल ओलांडायचा, फडका परत घालायचा. दहा मिनिटांचं काम.

पुलावर दगडांच्या सात जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतला एक दगड धड, एक बारीक चीर गेलेला, फुटका, आणि दर खेपेला फुटका बदलणारा. वर वटवाघळं. पाचांपैकी दोन जीव ती आधीच खाऊन बसली होती. उरले तीन. तेही गेले तर खेळ थेट पहिल्या गावात जाणार होता, म्हणजे दादाने दोन वर्षांत कापलेली सगळी वाट पुसली जाणार होती.

धाकट्याने रिमोट हातात घेतला. घोडा नऊ सेकंद जगला. त्यातले सहा सेकंद तो पाठमोरा होता. मग त्याने स्वतःहून नदीत उडी घेतली. त्याला वाचवायला धाकट्यानेही इकडून उडी घेतली, तो आईने वाळत घातलेल्या चादरीत गुंडाळला गेला, चादर दोरीसकट आली, दोरी पडद्याच्या दांडीला बांधली होती, म्हणून दांडीही आली. ती बाबांवर आली.

"कोण मेलं?" बाबा दचकून उठले.

या घरात तीन महिने कोणी हा शब्द उच्चारला नव्हता. आवाज ऐकून धावत आलेली आई दारातच थबकली. शेवटी चादरीच्या आतून धाकटा म्हणाला, "घोडा. दोन जीव उरलेत."

बाबांनी डोक्यावरचं टेंगूळ चाचपत सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे केला. "दे इकडे. तीस वर्षं क्रेन चालवलीय. चार दांडे हलवायला मला शिकवू नकोस."

"अहो, टेंगूळ बघा आधी!" आई म्हणाली.

"टेंगूळ कुठे जात नाही. घोडा जातोय."

धाकटा शेजारी बसला. हात मांडीखाली. बाबांची बोटं जाड, पण घोडा पहिल्यांदाच सरळ चालला. वटवाघळं आली. पहिली जोडी आली. धाकटा ओरडला, "डावीकडे, बाबा! डावीकडे!"

बाबा डावीकडे गेले. दगड फुटला. घोडा खाली.

"तुला डोळे आहेत का बटणं?" बाबा कडाडले.

"मी बरोबरच सांगितलं! दादाला असंच सांगायचो! त्याच्या वेळी कधी दगड फुटला नाही!"

"पुरे करा," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "एकच राहिलाय. राहू दे तो. घेऊन जाऊ दे त्याला तसाच."

"तसाच नाही जाणार!" धाकटा उभा राहिला. "सगळे म्हणता मी नुसता बघत बसायचो. हो, बसायचो! दोन वर्षं बघितलंय. हा पूल मी बघितल्याशिवाय हे मशीन इथून हलणार नाही!"

तेवढ्यात दारात वहिनी आली. हात ओले, कोपरापर्यंत फेस. उंबऱ्यापाशी थोडी थांबली आणि मग आत आली.

"भाऊजी, हात मोकळेच आहेत, बोट दाखवा बरं. आता सांगा, धड दगड कुठला होता?"

"डावीकडचा," धाकटा म्हणाला आणि त्याने बोट दाखवलं.

सगळ्यांनी बोटाकडे बघितलं. बोट उजवीकडे होतं.

बाबांनी एकदा बोटाकडे बघितलं, एकदा धाकट्याच्या तोंडाकडे, आणि म्हणाले, "म्हणजे शाळेत कवायतीला हा एकटाच मास्तरांच्या पोटावर जाऊन आदळायचा, ते..."

"यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," वहिनी म्हणाली. "मला म्हणायचे, त्याची नजर एक नंबर आहे, तोंड तेवढं उलटं बसवलंय. तो डावीकडे म्हणाला की मी डोळे मिटून उजवीकडे जातो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"म्हणायचे, सांगितलं तर तो विचार करायला लागेल. मग संपलंच."

वहिनी हसली. हसता हसता तिने ओल्या हातांनीच तोंड झाकलं आणि गालभर फेस लागला. आईने पदराने तो पुसला, बराच वेळ पुसत राहिली.

बाबा खाकरले. "तीस वर्षं मी खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हाताकडे बघून क्रेन फिरवली. हात बाहेर ठेव. खुणा कर. तोंड बंद."

सल्ला शहाणपणाचा होता. धाकट्याने ऐकून घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"नाही. दादाला सांगायचो तसंच सांगणार. तुम्ही दादासारखं ऐका."

"अरे, एकच जीव आहे!"

"म्हणूनच."

बाबांनी आईकडे बघितलं. आईने वहिनीकडे बघितलं. वहिनी सतरंजीवर बसली आणि तिनेही हात मांडीखाली घातले. मग आईही बसली.

घोडा पुलावर चढला.

"डावीकडे!" बाबा उजवीकडे. दगड टिकला.

"उजवीकडे!" बाबा डावीकडे. टिकला.

"अहो, वर बघा वर! ते काळं आलं!" आई किंचाळली. (तीन महिन्यांत इतक्या मोठ्याने ती पहिल्यांदाच बोलली, आणि बोलली ती वटवाघळाशी.)

तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्याला धाकट्याच्या मनात आलं की आता आपल्याला कळलंय तर बरोबरच सांगावं. त्याने विचार करायला तोंड उघडलं.

"विचार नका करू, भाऊजी!" वहिनी ओरडली.

"डावीकडे!" तो ओरडला. उजवीकडचा दगड टिकला.

सातव्याला त्याचा घसा बसला होता. तरी ओरडला. बाबा हूं म्हणून उलट्या बाजूला वळले आणि घोडा पलीकडच्या गवतात उतरला. स्वाराने पागोटं काढलं, एक दिवा लागला, आणि दिव्याखाली घोडा मान खाली घालून चरू लागला. बास, एवढंच. धाकट्याला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल.

चौघं घोड्याचं चरणं बघत बसले. वीस मिनिटं. कोणी कोणाला रिकामटेकडा म्हणालं नाही.

संध्याकाळी गॉगल टेम्पो घेऊन आला. मशीन फडक्यासकट सामानात गेलं. टेम्पो मागे घ्यायचा होता आणि दाराजवळ आईच्या फुलांच्या कुंड्या होत्या. गॉगलने खिडकीतून विचारलं, "मागे कोणी बघतंय का?"

"मी बघतोय!" धाकटा मागे जाऊन छाती काढून उभा राहिला. बघण्यात त्याचा हात कोण धरणार? "ये, ये. आता डावीकडे घे!"

घरातून तीन आवाज एकदम आले, "उलटं! अरे, उलटं!" पण गॉगलला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो सांगितलं तसा डावीकडे आला.

कुंड्या चार होत्या. दोन फुटल्या, दोन आडव्या झाल्या.

"आता उभा काय राहिलास? उचल," आई म्हणाली. "आधी ती उजवीकडची उचल, तिला कळी आलीय."

धाकट्याने मान हलवली, जिभेचं टोक दातात धरलं, आणि या खेपेला पुरता विचार करून डावीकडची उचलली.