शंभरावी नळी

एका जंगलात सिनेमाचा तंबू एकच होता आणि सिनेमावर बोलणारे क्लब तीन होते. तर बाळांनो, ही त्या जंगलाची गोष्ट. मांडी घालून बसा. जांभया दिल्यात तरी चालेल, फक्त मध्येच उठून कशाची किंमत विचारू नका.

तंबूच्या तोंडाशी एक मोठं कापड टांगलेलं असे. त्यावर भागोजी पेंटर चालू सिनेमाचं चित्र काढायचा. भागोजी म्हणजे काळ्या तोंडाचा म्हातारा वानर. फांदीला उलटा लोंबकळून तो दोन्ही हातांनी रंगवायचा. शुक्रवारी सिनेमा बदलला की तो जुन्या चित्रावर चुन्याचा हात मारी आणि त्याच कापडावर नवं चित्र काढी. चाळीस वर्षं त्याने हे असंच केलं. येणारेजाणारे थांबून चित्र बघत. फुकट. त्यात काही चुकतंय असं कुणालाही वाटत नसे.

त्याच जंगलात काटदरे नावाचे एक साळिंदर राहत होते. पाणवठ्यावर कुणी कधी प्यायला यायचं, त्याच्या पाळ्या लावून देण्याची त्यांची नोकरी. लहानपणी ते त्या कापडासमोर इतका वेळ उभे राहत की आई कान धरून घरी न्यायची. मोठेपणी मात्र त्यांनी चित्रं बघणं सोडलं आणि जमवणं सुरू केलं.

ही जमवण्याची टूम जंगलात आणली चित्रांगद नावाच्या उदमांजराने. तो दोन वर्षं शहराच्या कडेला राहून आला होता. येताना त्याने एक गॉगल आणला आणि दोन शब्द आणले. मर्यादित आवृत्ती.

"काटदरेसाहेब, ते कापडावरचं चित्र बघतं कोण?" त्याने विचारलं.

"सगळेच बघतात."

"तेच म्हणतो मी. सगळ्यांनी बघितल्यावर त्यात तुमचं असं काय उरलं?"

काटदऱ्यांना हे एकदम पटलं. शिकलेल्या प्राण्यांना असली वाक्यं फार लवकर पटतात.

चित्रांगदाचे नियम सोपे होते. सिनेमाच्या चित्राच्या मोजक्याच प्रती निघणार. प्रत्येकीच्या कोपऱ्यात नंबर. प्रत बांबूच्या नळीत गुंडाळून दोन्ही टोकं मेणाने बंद. नळी उघडायची नाही. उघडली की तिचं मोल गेलं.

"मग चित्र बघायचं कसं?" असं एका सशाने विचारलं होतं. त्याला क्लबात घेतलं नाही.

चित्रांगदाच्या क्लबाचं नाव चित्ररसिक मंडळ. अध्यक्ष शृंगारपुरे, जातीचे सांबर. दर सोमवारी सभासद आपापली नळी मांडीवर घेऊन बसत. कुणी मेणाचा वास घेई. कुणी बांबूच्या पेरावरून खूर फिरवून "वा, काय काम आहे!" म्हणे. काम आत होतं. तिकडे कुणी गेलं नव्हतं.

आता काटदऱ्यांच्या घरी चला. बिळात दोन खोल्या. एक ओढ्याच्या अंगाची, ती बारा महिने ओल धरायची. दुसरी आतली, कोरडी आणि उबदार. कोरड्या खोलीत एकेचाळीस नळ्या राहत होत्या. ओल्या खोलीत काटदरे आणि त्यांच्या पत्नी वत्सलाबाई.

वत्सलाबाईंना दिवस भरत आले होते.

"अहो, पोरांना कुठे ठेवायचं?"

"इथेच की. आपण नाही का राहत?"

"तुम्हाला खोकला, मला सांधेदुखी. एवढीशी पिल्लं या ओलीत टिकायची नाहीत. गेल्या खेपेचं विसरलात?"

काटदरे विसरले नव्हते. गेल्या खेपेचं पिल्लू नवव्या दिवशी गेलं होतं. तेव्हा कोरड्या खोलीत चोवीसच नळ्या होत्या.

"एवढी एक आवृत्ती होऊ दे," ते म्हणाले. "खुद्द भागोजी पेंटर काढतोय. 'डरकाळी दोनदा'ची शंभर चित्रं. ती एक मिळाली की माझा संच पुरा. मग सगळाच्या सगळा कुणाला तरी देऊन टाकतो आणि खोली तुझी."

"नक्की?"

"आईशप्पथ."

"सासूबाई याच ओलीत खोकून गेल्या. दुसरी कुणाची तरी घ्या."

आवृत्ती निघाली त्या दिवशी पहाटेपासून रांग लागली. खुद्द 'डरकाळी दोनदा' हा सिनेमा त्याच दिवशी तंबूत लागला होता. तो बघायला दोघं होती, एक डोअरकीपर आणि एक झोपलेलं कासव.

काटदरे रांगेत सगळ्यांच्या आधी आले होते. पण बाळांनो, साळिंदर पुढे उभं राहिलं की मागच्याच्या नाकात काटे जातात. मागचा ओरडला, "ओ, तुम्ही माझ्या मागे व्हा." त्याच्या मागचाही तेच म्हणाला. असं मागे होत होत काटदरे शेवटी गेले आणि त्यांना शंभरावी नळी मिळाली.

क्लबात मान होता तो लहान नंबराला. एक नंबर शृंगारपुऱ्यांकडे. दोन नंबर चित्रांगदाने स्वतःला ठेवला होता. शंभर नंबर बघून सगळे खिदळले.

"काटदरे, तुम्हाला शेपूट मिळालं की हो!"

"आणि केवढी जड नळी! ओला बांबू गळ्यात मारला वाटतं."

काटदऱ्यांनी संच देऊ केला. शंभर नंबराने तो बाटलेला. कुणी घेईना. नळ्या कोरड्या खोलीतच राहिल्या, आता बेचाळीस.

आणि पिल्लं आली. दोन. ओल्या खोलीत. दुसऱ्याच दिवशी धाकटं शिंकायला लागलं.

"संचाला गिऱ्हाईक बघतोच आहे," काटदरे म्हणाले. "सोमवारच्या सभेत विषय काढतो."

"सोमवारपर्यंत हे शिंकत राहील का, ते त्याला विचारलंत?" वत्सलाबाई म्हणाल्या आणि तडक कोरड्या खोलीत गेल्या. त्यांना अंथरायला काहीतरी जाड हवं होतं. त्यांनी एकेक नळी उचलून पाहिली. सगळ्या हलक्या. शंभरावी जड. ती ओल्या खोलीत आणून त्यांनी दातांनी मेण फोडलं.

"अगं! काय करतेस!"

करून झालं होतं. चित्र जमिनीवर उलगडलं.

वाघ होता. पहिली डरकाळी देऊन झालेली, दुसरी अजून घशात. पळसाच्या फुलांचा केशरी रंग, काजळीचे पट्टे, आणि डोळे असे की खोलीत कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडेच बघतात. वत्सलाबाई जागच्या जागी थांबल्या. शिंकणारं पिल्लूसुद्धा डोळे विस्फारून बघत राहिलं.

काटदऱ्यांनी कोपरा बघितला. शंभर छेद शंभर, बरोबर होतं. मग कडा बघितल्या.

"अहो, वाघ बघा की."

"बघतो. आधी कुठे चुणी पडली का ते बघू दे."

चुणी पडणं शक्यच नव्हतं. कागद चामड्यासारखा जाड होता. वत्सलाबाईंनी तो ओल्या जमिनीवर अंथरला आणि पिल्लं वर ठेवली. ओल वर येईना. संध्याकाळपर्यंत शिंका थांबल्या.

काटदऱ्यांना मात्र चैन पडेना. कागद इतका जाड कसा? आपल्याला खोटी प्रत तर दिली नाही? ते भागोजीकडे गेले. तो फांदीवर बसून नखांतला चुना काढत होता.

"भागोजी, शंभर नंबरचा कागद एवढा जाड का रे?"

"जाड होणारच. खाली नव्याण्णव आहेत."

"कशाच्या खाली?"

"त्याच्याच. चित्रांगद म्हणाला, शंभर चित्रं काढ. एक कागद आणून दिला. मी एक काढलं, नंबर घातला, चुन्याचा हात मारला. वर दुसरं काढलं, नंबर घातला, चुन्याचा हात मारला. शंभर भरले तेव्हा थांबलो. पाठ गेली माझी."

"अरे, शंभर वेगवेगळ्या कागदांवर काढायची होती!"

"असं कुणी सांगितलं नाही. मी जन्मात कधी दुसरं कापड घेतलेलं नाही. आणि कसलं चुकलं? शंभरच काढली. एकही चोरलं नाही."

"मग चित्रांगद काय म्हणाला?"

"त्याने कागद हातावर तोलून बघितला. मग म्हणाला, मेण कुठे मिळेल?"

काटदरे धावतच घरी निघाले. वाटेत त्यांना हसू फुटलं. नव्याण्णव नळ्या रिकाम्या! जंगलात चित्र एकच आणि ते आपल्याकडे! शेपूट म्हणत होते ना?

सोमवारी त्यांनी भर सभेत सगळं सांगितलं. सभासदांनी नळ्या कानाशी धरून हलवल्या. आत काही वाजेना. शृंगारपुऱ्यांनी आपली एक नंबरची नळी तीनदा हलवली आणि खाली ठेवली.

"या मोराने मला सांगितलं होतं," ते दबलेल्या आवाजात म्हणाले, "हलका कागद म्हणजे उंची कागद."

"मला चित्रांगदाने सांगितलं होतं," मोर म्हणाला.

सगळे चित्रांगदाकडे वळले. बाळांनो, तुम्हाला वाटेल, आता उदमांजराला धरून बडवणार. चित्रांगदाने गॉगल काढला, पुसला आणि परत घातला.

"सभ्य प्राणिहो," तो म्हणाला, "नव्याण्णव नळ्या एकसारख्या आहेत. एकच वेगळी आहे. बिघडलेली कोणती?"

सभा विचारात पडली.

"नव्याण्णव नळ्या आजही बंद आहेत. एक उघडलेली आहे, तीही बायकोने, दातांनी. नियम कुणी मोडला?"

"काटदऱ्यांनी!" मोर ओरडला.

"पण आमच्या नळ्यांत काहीच नाही हो," एक भेकर रडवेल्या आवाजात म्हणालं.

"ते कुणामुळे? ते चित्र शिल्लक आहे तोवर तुमच्या नळ्या रिकाम्या आहेत. ते संपलं की त्या नुसत्या न उघडलेल्या. मग भागोजी काहीही बरळो, दाखवायला त्याच्याकडे काय आहे?"

टाळ्यांनी पानं गळाली. काटदरे उभे राहिले. "ते चित्र माझ्या पोरांच्या अंगाखाली आहे," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्याहून बारीक निघाला.

"बघा!" शृंगारपुरे कडाडले. "कलाकृती आणि पोरांच्या अंगाखाली! असा माणूस रसिक मंडळात बसतो!" ते रागात होते म्हणून माणूस म्हणाले.

मग चित्रांगद काटदऱ्यांच्या कानाशी लागला. काट्यांची पर्वा न करता लागला, यावरून गरज ओळखा.

"साहेब, दोन मार्ग आहेत. चित्र ठेवा आणि उद्यापासून तुम्ही सभासद नाही. तुमच्या बाकीच्या एकेचाळीस नळ्याही मंडळ मानणार नाही. नाहीतर चित्र आमच्यासमोर संपवा. शंभरावी नळी मी पुन्हा मेण लावून देतो. आणि वर माझी स्वतःची दोन नंबरची नळी तुमची."

"दोन नंबर?"

"दोन. बंद."

ती नळी रिकामी आहे हे काटदऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ते स्वतःच तासाभरापूर्वी सगळ्यांना सांगून बसले होते. पण दोन नंबर!

त्या दिवशी संध्याकाळी वत्सलाबाई ओढ्याकाठी कंद खणायला गेल्या. मंडळ बिळाच्या तोंडाशी जमलं. काटदरे आत गेले. पिल्लं वाघाच्या कपाळावर झोपली होती. त्यांनी धाकट्याला मानेला धरून उचललं आणि ओल्या मातीवर ठेवलं. मग थोरल्याला. मग कागद ओढत बाहेर आणला.

शृंगारपुऱ्यांनी वाळवीचं पथक मागवलं होतं. जन्मात पहिल्यांदाच कुणी वाळवीला रीतसर निमंत्रण देऊन बोलावलं होतं, त्यामुळे ती फार मन लावून जेवली. वरचा वाघ गेला तेव्हा खालून दुसरा वाघ निघाला. तो गेला तेव्हा तिसरा. एकाहून एक देखणे. शंभर वाघ एकामागून एक वर येत होते आणि एवढ्या रसिकांपैकी कुणीही बघत नव्हतं. ते आपापल्या नळ्यांचं मेण तपासत होते.

झाडावरून भागोजी मात्र बघत होता. "सत्ताविसावा बरा जमला होता," एवढंच तो म्हणाला.

वत्सलाबाई कंद घेऊन आल्या तेव्हा मंडळ पांगलं होतं. धाकटं पुन्हा शिंकत होतं. काटदरे कोरड्या खोलीत दोन नंबरची नळी कुठे शोभेल ते बघत होते.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी काटेसुद्धा उभारले नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या, "निदान पोरांना सांगा, आपण कशावर झोपलो होतो. कसं होतं ते चित्र?"

काटदऱ्यांनी तोंड उघडलं. त्यांनी खूप आठवून पाहिलं. वाघाचं तोंड उजवीकडे होतं की डावीकडे? डोळे कोणत्या रंगाचे?

"शंभर छेद शंभर," ते म्हणाले. "आणि कडा अगदी स्वच्छ."

वत्सलाबाईंनी धाकट्याला तोंडात धरलं, थोरल्याला पुढे घातलं आणि त्या भावाच्या बिळाकडे निघाल्या. काटदरे त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले. मग ओली खोली मोकळीच आहे म्हणून त्यांनी चित्रांगदाला नव्या आवृत्तीबद्दल निरोप पाठवला. नवी आवृत्ती पाचशेची होती. तिला पेंटर लागलाच नाही.

तात्पर्य: कलेवर खरं प्रेम असेल तर ती उघडून बघू नये. बघितली की एखादे वेळी आवडते, आणि मग तिच्यावर पोरं निजवण्याची दुर्बुद्धी सुचते. नळी बंद ठेवावी, नंबर पाठ करावा आणि वाळवीचा मान राखावा. पिल्लांची काळजी करू नये. ती पुढच्या वर्षीही होतात. त्यांच्या कोपऱ्यात कुणी नंबर घातलेला नसतो.