मामांच्या विमानाचं औक्षण

‘घारीच्याबी वर बाई, कुणाचं गं विमान?
बंधू माझा हिंदुराव, ढगाला बांधी कमान!’

जात्याच्या घरघरीतून येणारा आईचा हा आवाज कळतं तेव्हापासून माझ्या कानात आहे. हिंदुराव म्हणजे आईचा धाकटा भाऊ, माझे मामा. पुण्याला विमानदलात पंधरा वर्षं काढून आलेले. तिथं ते नेमकं काय करत, हे कुणी विचारलंच नाही. ओवीतच होतं ना! जात्यावर बसून कुणी खोटं बोलतं का?

म्हणूनच, चौऱ्याहत्तर साली सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीवर जुन्या लढाऊ विमानांच्या कसरती होणार असं कळलं, तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात छाती ठोकली. “त्यातलं व्हँपायर नावाचं विमान आमच्या मामांनी उडवलंय! मामांचा सत्कार झाल्याशिवाय ते जमीन सोडणार नाही. शब्द आहे मास्तरचा!”

लगेच आयोजकांना पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं : निवृत्त वैमानिकांना सहकुटुंब आणावे.

मामांना ते वाचून दाखवलं, तर खडीसाखर म्हणून तुरटी चघळल्यागत त्यांचं तोंड झालं!

“माझा गुडघा लई दुखतुय, मास्तर.”

“सत्कार गुडघ्याचा नाही, मामा!”

“उसाला पाणी द्यायचंय.”

“माणूस लावतो!”

“आरं, ऐक की जरा...”

मी कसला ऐकतोय! थोर माणसं अशीच लाजतात, म्हटलं.

आमचं गाव टेंभुर्णीजवळ. हाशमभाईंच्या ट्रकमध्ये ‘सहकुटुंब’ म्हणून तीस बाया चढल्या. आईच्या मांडीवर ताट : हळदकुंकू, शेरभर अक्षता, नारळ.

“अगं, विमानाला ओवाळतात का कुठं?”

“नव्या ट्रॅक्टरला ओवाळत्यात, पाण्याच्या इंजनाला नारळ फोडत्यात. माझ्या भावाच्या विमानानं काय घोडं मारलंय?”

बिनतोड! ट्रकच्या कोपऱ्यात मामा विजयमालामामीच्या पाठीमागं असे दडले होते, जणू बाजाराला निघालेला बोकड.

धावपट्टीशी पोचलो. दोरीअलीकडं अकलूजपासून अक्कलकोटपर्यंतचा माणूस लोटलेला. आणि पलीकडं ते विमान! ठेंगणं, बेडकासारखं बसकं, आणि शेपट्या चक्क दोन!

“दूसरी दुम स्टेपनी है क्या, मास्तर?” हाशमभाईंनी विचारलं.

मी पत्र फडकवलं. पहारेकऱ्यानं ‘सहकुटुंब’ वाचलं, बाया मोजल्या, हात जोडले आणि दोरी वर धरली. पुढचं माझ्या हातात राहिलं नाही! आई ताट घेऊन सुटली, मागून तीस बाया. विमानाला कुंकू लागलं. अक्षतांच्या मुठीमागून मुठी उधळल्या. आणि थेट नाकासमोर, सिमेंटवर, नारळ. फटाक्! करवंटी उडाली दाही दिशांना!

शिट्ट्या वाजल्या. एक तरुण साहेब धावत आला, चेहरा कुंकवाहून लाल. “काय केलंत हे! हे इंजिन सगळं आत ओढून घेतं. तांदळाचा दाणा, करवंटीची कपची, काहीही आत गेलं तर इंजिन खलास! उड्डाण रद्द! आणि तो तुमचा वैमानिक कुठाय? त्याला एवढंही कळत नाही?”

हजारो डोळे आमच्याकडं. आईनं ताट पदराआड घेतलं. भावाच्या नावाला तिनंच बट्टा लावला होता.

तेवढ्यात एक आवाज कडाडला.

“बायांनो, पात धरा!”

मामा! हा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

“खुरपायला बसता तशा बसा, खांद्याला खांदा लावून! केसातली फुलं, आकडं आधी पदरात बांधा. नुसतं बघू नगा, हात फिरवा. एक दाणा मागं ऱ्हाता कामा न्हाय!”

तीस बाया बसल्या. सिमेंटवर खुरपणीची पात सरकू लागली, हिरव्या, डाळिंबी लुगड्यांची. मागून मामा पालथे पडून, गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून बघत होते. “बजाक्का, तुज्या डाव्या हाताला कपची!” तीन हातांवरून दिसली त्यांना! विमानाच्या पायलटच्या हाती फडकं देऊन विमानावरचं कुंकूसुद्धा पुसून घेतलं.

अर्ध्या तासानं साहेबांनी स्वतः तळहात फिरवला. काही लागलं नाही. त्यांचा आवाज बदलला. “बाबा, तुम्ही कुठं होता?”

“पुण्याला, लोहगावात. धावपट्टीवर, साहेब.”

साहेबांनी टाचा जुळवल्या. “उड्डाण होईल!”

आणि झालं! शीळ घालत ते म्हातारं विमान धावलं, सुटलं, उन्हात उलटं झालं, ढगात शिरलं. सगळं सोलापूर वर बघत होतं. मामा मात्र चाकं सुटली त्या जागेकडं बघत होते, लेक नांदायला धाडलेल्या बापासारखे.

“अक्का,” ते एकदम म्हणाले, “मी विमान उडिवलं न्हाय गं. आत कधी बसलोबी न्हाय. रोज पहाटं रांगेनं पट्टीवरचं खडं येचायचो. पंधरा वर्सांत एका विमानाच्या पोटात खडा जाऊ दिला न्हाय. पर सुट्टीला आलो, तर तू वव्या गात हुतीस. कसं सांगायचं?”

आईनं आधी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. मग दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून उतरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. डोळे भरून आले होते तिचे.

मी तोंड लपवायला हाशमभाईंची पाठ शोधत होतो!

मामांनी मान खाली घालून मामीकडं पाहिलं. “तुलाबी फशिवलं मी.”

मामी पदरातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मला ठावं हाय की. सोळा वर्सं झाली.”

“आं! मग बोलली का न्हाईस?”

“तुमी सांगाल म्हनून थांबले हुते.”

“पर तुला सांगितलं कुनी?”

“आमच्या आबांनी. सोयरीक ठरवायच्या आदी पुन्याला जाऊन चवकशी केलती त्यांनी. आल्यावर म्हनले, ‘पोरगा कायम भुईवरच असतुया, काळजी न्हाय.’ तवा तर हळद लागली! उडनाऱ्याला पोरगी दिली असती व्हय त्यांनी?”