वेगळं काही नको

आपट्यांकडे चहाला जायचं तर आधी चौकशी करावी लागे, की आज तिथे मधुमेहवालं कोणी आलंय का. आलेलं असलं तर सगळ्यांना बिनसाखरेचा चहा. कोणाची एकादशी असली तर सगळ्यांना साबुदाणा. एकदा त्यांचे मामा सगळे दात काढून आठवडाभर राहायला आले, तेव्हा अख्खं घर गुरगुट्या भातावर होतं. त्यांची आई मला म्हणाली, "अगं, माझे दात या वयातही शाबूत आहेत, पण चावायला काही मिळेल तर शपथ!" आपटे शांतपणे म्हणाले, "आई, पंगत एक तर पान एक. वेगळं काही नको."

हे 'वेगळं काही नको' ऐकून ऐकून मला वीट आला होता. बंगळूरच्या राजाजीनगरात आमच्या दोन घरांना एक भिंत आणि एक नळ सामाईक, त्यामुळे सुटका नव्हती. माझे यजमान आणि आपटे एकाच सरकारी कारखान्यात, एकाच बसने जाणारे. आपटे वाईचे, मी धारवाडची. त्यांची बायको लवकर गेली. घरात ते, आई आणि मुलगी कुमुद. कुमुदला बोलायला यायच्या आधीच एका तापात तिचे कान गेले, म्हणून बोलणंही आलं नाही. या माणसाच्या डोक्यात ही पंगत पोरीपायी शिरली होती, ते मला पुष्कळ उशिरा समजलं.

मुलगी शाळेच्या वयाची झाली तसे लोक म्हणायला लागले, मुक्या-बहिऱ्यांची शाळा आहे, वसतिगृह आहे, तिथे घाला. आपट्यांच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. मग ते एकेका साध्या शाळेत जायचे आणि संध्याकाळी येऊन सगळी भडास माझ्या ओट्यापाशी काढायचे.

"घटनेत सगळी मुलं शिकतील असं म्हटलंय, वहिनी. कंसात 'कान असलेली' असं लिहिलंय का?"

"मला काय विचारता, भावजी? मी हेडमास्तर आहे का?"

"एक जण म्हणाला, बाकीच्या मुलांवर परिणाम होईल. बहिरेपण म्हणजे काय गोवर आहे?"

शेवटी एका कन्नड शाळेच्या विहिरीवरचा पंप बिघडला. आपट्यांनी तो रविवारभर खपून दुरुस्त केला आणि हातपाय धुवायच्या आधीच कुमुदची गोष्ट काढली. पाणी आलेलं बघून हेडमास्तर "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणाले. कुमुद सगळ्यांत बसली. त्या दिवशी आपट्यांनी गल्लीभर म्हैसूरपाक वाटला.

पुढे कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही पोर ओठ बघून शिकेल, पण भाषा एकच ठेवा. घरात मराठी, शाळेत कन्नड, असं चालणार नाही. झालं. दुसऱ्या दिवसापासून घरात मराठी बंद. आपटे कन्नड शिकले कोणाकडे, तर माझ्याकडे. मी शिकवणार धारवाडचं. शाळेतल्या मास्तरांचं बंगळूरचं. 'आहे'ला मी 'ऐति' म्हणणार, मास्तर 'इदे'. पोरीला दोन्हीकडे ओठ वेगळेच दिसायचे. हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही. आपटे रोज जेवताना माझं 'ऐति' तोंड फाकून फाकून म्हणायचे आणि कुमुद त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसायची. वरण थंड व्हायचं.

आजींचे मात्र हाल झाले. त्या दुपारी माझ्याकडे यायच्या, पदर खोचायच्या आणि तासभर नुसत्या बोलत सुटायच्या. वाईचा घाट, कोणाकोणाची लग्नं, काहीही. "पोरगी मुकी होतीच," त्या म्हणाल्या, "आता घरात मीही मुकी झाले." मी त्यांना थांबवत नसे. भाजी करपली तरी.

शाळेत कुमुद दर वर्षी वर चढत होती. मास्तर भेटले की म्हणायचे, "तुंबा ओळ्ळे हुडुगी. गलाटे इल्ला." फार गुणी मुलगी, मुळीच गडबड नाही. आता ती गडबड कशी करणार, पण आपट्यांची छाती फुगायची.

त्या वर्षी गणपतीला आपट्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. कुमुद चौथीत होती. आरती झाल्यावर त्यांनी तिला पाटी दिली आणि लिहून दाखव अशी खूण केली. तिने शाळेतल्या फळ्यावरचा धडा आठवून जसाच्या तसा उतरवला. अक्षर म्हणजे छापल्यासारखं. धड्याखाली तिने वर्गाची हजेरी लिहिली, त्याखाली 'उद्या सुट्टी' असंही लिहिलं. उद्या सुट्टी नव्हती. सगळे वा वा करत होते. मी पाटी पुसली आणि कन्नडमध्ये लिहिलं, 'तुझं नाव काय?'

कुमुदने माझ्याकडे पाहिलं, गोड हसली आणि माझ्या ओळीखाली, माझ्यापेक्षा सुरेख अक्षरात लिहिलं, 'तुझं नाव काय?'

लोक आणखी वा वा करायला लागले. आपट्यांना तोवर कन्नड वाचता येत होतं. ते पाटीकडे बघत उभे राहिले, मग प्रसाद वाटायला लागले. मला संताप आला. चार वर्षं ती पोर सगळ्यांत बसली होती, आणि त्या सगळ्यांत तिच्यापर्यंत एका शब्दाचाही अर्थ पोचला नव्हता. सरकारवर चिडू, मास्तरांवर, की या भल्या माणसावर, तेच उमजेना.

दिवाळीनंतर आपटे स्वतः तिला त्या वसतिगृहात सोडून आले. घरात मराठी परत सुरू झाली. आजी म्हणाल्या, "आता बोलायची मुभा आहे, पण बोलू काय, सांग."

आपटे महिन्यातून एकदा तिला भेटायला जात. एकदा मीही गेले. मागच्या अंगणात मुली घोळका करून बसल्या होत्या आणि कुमुद मधोमध उभी राहून हातांनी काहीतरी सांगत होती. बोटं नुसती नाचत होती. मुली पोट धरून हसत होत्या, आणि कुमुद मोठ्याने, घसा फाडून हसत होती. आपटे खांबाला धरून उभे राहिले. "हिला गोष्ट सांगता येते?" ते म्हणाले. "वहिनी, हिला गोष्ट सांगता येते."

तेवढ्यात तिथल्या बाई आल्या आणि सगळ्या मुलींचे हात पाठीमागे गेले. आपट्यांनी अजिजीने विचारलं, मला हे हातांचं शिकवाल का? बाई चपापल्या. म्हणाल्या, "छे, आम्ही हे चालू देत नाही. हात हलले की छडी देतो. ओठांनी, चारचौघांसारखं बोलायला शिकलं पाहिजे. नाहीतर या मुली कायमच्या वेगळ्या पडतील." बाई काही दुष्ट नव्हत्या. परतीच्या बसमध्ये आपटे स्वतःची बोटं उघडून मिटून बघत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुमुद घरी आली. आजीला भाजी निवडून द्यायची आणि उरलेला वेळ खिडकीत बसायची. शाळा कधी सुरू होतेय याची वाट बघत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

एका दुपारी मी आजींची वाटी परत द्यायला गेले. आपटे कुमुदसमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्या अंगणात लांबून जे काही पाहिलं होतं, ते आठवून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि बोटं हलवायला लागले. कारखान्यातली जाड बोटं, धड वळतही नव्हती. त्यांना काय म्हणायचं होतं देव जाणे.

कुमुदचा चेहरा पांढराफटक पडला. तिने झटकन दाराकडे पाहिलं. तिथे मी उभी. तिने बापाचे दोन्ही हात घट्ट पकडले, त्यांच्या मांडीवर दाबले, वर स्वतःचा परकर ओढून ते झाकून टाकले, आणि माझ्याकडे बघून काही झालंच नाही अशी हसली.

आपट्यांनी हात सोडवून घेतले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "तिला वाटलं, मला छडी बसेल."